क्लॅम एकदा नीट बसवा, मग हात लावू नका

या वेळच्या पत्रांत खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या क्लॅमबद्दल, म्हणजे दोन झडपांच्या शिंपल्यात राहणाऱ्या समुद्री प्राण्याबद्दल, विचारणा जास्त आहे, तेव्हा सगळं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं देताना इंदूरचं पाणी, इथला उन्हाळा आणि वीज जाणं हिशेबात धरलं आहे. मापं प्रत्यक्ष पाण्याची आहेत: 200 लिटरच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता 170-180 लिटरच पाणी मावतं, आणि औषध किंवा क्षार मोजताना तोच आकडा धरायचा.

प्रश्न : माझी 200 लिटरची खारी टाकी चार महिन्यांपासून चालू आहे. मासे ठणठणीत आहेत. आता क्लॅम आणायचा आहे. कोणता आणू? (तिलकनगर)

उत्तर : आधी कायद्याचं, कारण विकणारे ते सांगत नाहीत. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस हे तीन क्लॅम 2001 पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला महाक्लॅम कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. ट्रायडॅक्नाच्या बाकी जातीही साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात. म्हणजे बाहेरच्या देशातल्या फार्मवर वाढवलेला, साइट्सच्या परवान्यावर आयात झालेला क्लॅमच घ्यायचा. बिल आणि परवान्याची प्रत मागून घ्या, आणि ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा. कागद नसतील तर तिथेच नमस्कार करून परत फिरा.

राहिले दोन पर्याय, दोन्ही ट्रायडॅक्नाच्याच जाती: डेरासा आणि क्रोशिया. डेरासा स्वभावाने सोशिक, मध्यम प्रकाशात राहतो, वाळूवर बसतो. पण तो झपाट्याने वाढतो आणि पूर्ण वाढीत अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. टाकीची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर, 60 सेंमी असेल तरच त्याचा विचार करा. क्रोशिया 15 सेंमीच्या आसपास थांबतो, रंग मनात भरतात, पण त्याला भरपूर प्रकाश लागतो आणि चूक तो पोटात घालत नाही. पहिला क्लॅम म्हणून आमचं मत डेरासाच्या बाजूने आहे. त्याच्यासाठी जागा नसेल तर मोठी टाकी होईपर्यंत थांबावं.

थांबायचं तुम्हाला तसंही आहे. चार महिन्यांची टाकी दिसायला स्थिर असते, पण तिचा केएच (पाण्याची क्षारता, अंशांत मोजतात) आणि नायट्रेट आठवड्याला हेलकावे खातात. किमान सहा महिने होऊ द्या, आणि आम्ही तर म्हणू की एक मे महिना पार पडू द्या. ज्या टाकीने इंदूरचा मे 27 अंशांच्या आत काढला, तिच्यात क्लॅम राहील. खरेदीला उत्तम काळ दिवाळीनंतरचा: घराची रंगरंगोटी, चुन्याची धूळ, रंगाचे वास संपलेले असतात आणि पार्सल प्रवासात तापत नाही.

दुकानात निवडताना टाकीवरून हात फिरवा. क्लॅमच्या मँटलवर, म्हणजे शिंपल्याबाहेर पसरलेल्या रंगीत झालरीवर, सूक्ष्म डोळे असतात. सावली पडताच तो झटकन आखडला पाहिजे. जो संथपणे, उशिरा आखडतो तो नको. शिंपल्याच्या वरच्या कडेला पांढरीशुभ्र, पातळ नवी पट्टी दिसते का बघा, ती वाढ चालू असल्याची खूण आहे. 7 ते 10 सेंमीचा घ्या. 5 सेंमीच्या आतले स्वस्त मिळतात आणि तितक्याच लवकर दगावतात.

प्रश्न : 9 सेंमीचा डेरासा आणला. दगडांच्या कपारीत नीट बसवला, पण रोज सकाळी तो खाली पडलेला असतो. एकदा तर पालथा होता. (सुदामा नगर)

उत्तर : कपार ही त्याची जागाच नव्हे. क्रोशिया दगडात बसतो, डेरासा वाळूवर. कपारीत शिंपला पुरता उघडत नाही, म्हणून तो झटक्याने शिंपला मिटून पाणी फेकतो आणि स्वतःला ढकलून बाहेर येतो. पालथा पडला तर मँटलला प्रकाश मिळत नाही, पाणी ओढता येत नाही, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःहून सरळही होता येत नाही. म्हणून बसवण्याचं काम सकाळी करा, म्हणजे दिवसभर लक्ष राहील.

वाळूचा थर 4-5 सेंमी हवा. साधारण 10 सेंमी लांबी-रुंदीचा चपटा दगड किंवा ग्लेझ नसलेली टाइल घ्या आणि वाळूत अशी पुरा की वर सेंटिमीटरभरच वाळू राहील. क्लॅम तिच्यावर बिजागरीची बाजू खाली, मँटल वर असा ठेवा. बिजागरीशेजारी, तळाला एक फट असते. तिच्यातून तो बिससचे धागे सोडतो आणि टाइलला धरतो. टाइलचे दोन फायदे: खालून किडे त्या फटीत शिरत नाहीत, आणि पुढे कधी हलवायचा झालाच तर टाइलसकट उचलता येतो. दोन्ही बाजूंना लहान दगडांचा टेकू द्या, पण टेकू शिंपल्याच्या निम्म्या उंचीच्या वर नको. काचेपासून आणि शेजारच्या कुठल्याही डंख मारणाऱ्या प्राण्यापासून 15 सेंमी मोकळी जागा सोडा.

पाण्याबाहेर काढला असेल तर आत हवा अडकते. परत बुडवल्यावर त्याला हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवा, बुडबुडे निघून जातील. हे न केल्यामुळे काही क्लॅम दोन-दोन दिवस मिटून बसतात आणि मालक पाण्यात दोष शोधत राहतो.

प्रवाह थेट त्याच्यावर नको. वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं, तोंड समोरच्या काचेकडे करा, म्हणजे काचेवर आपटून फुटलेलं पाणी क्लॅमपर्यंत जाईल. मँटलची कड हळू डुलायला हवी. एक बाजू सतत दुमडलेली दिसली तर प्रवाह त्या बाजूने जास्त आहे.

दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात तो धरतो. धरेपर्यंत बोटानेही हलवून बघू नका. रोज जागा बदलणं हेच क्लॅम मरण्याचं मोठं कारण आहे. त्याने चुकीच्या ठिकाणी धरलं असेल तर ओढू नका. ओढल्याने बिससची ग्रंथी मुळापासून उपटते आणि ती जखम बहुधा भरत नाही. धारदार ब्लेड दगडाला टेकवून धागे दगडाच्या बाजूने कापा, शरीराच्या बाजूने नव्हे. मोठेपणी डेरासाचे धागे नाहीसे होतात आणि तो वजनावर बसतो. त्या वयात तो धरत नाही म्हणून घाबरू नका.

प्रश्न : नवीन एलईडी लावल्यावर क्लॅमचा मधला भाग पांढुरका पडला. प्रकाश कमी पडतोय की जास्त होतोय? (मनीषपुरी)

उत्तर : तुमच्या बाबतीत जास्त, आणि एकदम झाला. मँटलमध्ये झूझँथेली नावाचं शैवाल राहतं आणि क्लॅमचं बहुतेक अन्न तेच बनवतं. प्रकाश अचानक वाढला की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि बहुधा मध्यापासून रंग उतरतो. प्रकाश कमी पडतो तेव्हा चित्र वेगळं असतं: मँटल गरजेपेक्षा जास्त ताणून बाहेर लोंबतो आणि तपकिरी होत जातो.

लाइट आजच 50 टक्क्यांवर आणा. दोन आठवडे तसाच ठेवा, नंतर आठवड्याला 5 टक्के वाढवा. एलईडीला डिमर नसेल तर खिडकीच्या जाळीचे तीन-चार थर वर पसरा आणि दर आठवड्याला एक काढा. रोज 9-10 तास पुरे. पार मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) कुणाकडून मिळाला तर क्लॅमच्या जागी मोजा: डेरासाला 150 ते 250, क्रोशियाला 300 च्या आसपास किंवा थोडं वर. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका, निळ्या एलईडीचं माप ती चुकवतात.

नायट्रेटही तपासा. शून्य असेल तर लाइट कमी करूनही रंग परतणार नाही, कारण शैवालाला नायट्रोजन लागतो. टाकी आरशासारखी स्वच्छ ठेवायच्या नादात बरेच जण फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर नेतात आणि क्लॅम उपाशी ठेवतात. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1 हे चांगलं (आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये, पुढे कॅल्शियम-मॅग्नेशियमचेही तसेच). बाकी पाणी ठीक असेल तर फिकट पडलेला क्लॅम दोन-तीन महिन्यांत सावरतो. एवढ्या काळात जागा मात्र बदलू नका.

प्रश्न : केएच 6.2 आणि कॅल्शियम 380 आलं. दुकानदार म्हणतो रोज कॅल्शियम टाका. आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं, पिण्याच्या आरओचं पाणी टाकीसाठी वापरतो. (लोकमान्य नगर)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याची आधी घेऊ.

घरच्या पिण्याच्या आरओत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावून बघा, 40-50 टीडीएस सहज दिसेल. रोज बाष्पीभवनाची भर याच पाण्याने घातली की नको ते क्षार महिनोन् महिने साठत जातात. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा आणि बाहेर येणारा टीडीएस 0 ठेवा, 2-3 दिसू लागला की रेझिन बदला. उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी कमी पडून बोअरिंगचं किंवा टँकरचं येतं, तेव्हा मेम्ब्रेन आणि रेझिन दोन्ही लवकर संपतात. पितळी तोटी, तांब्याची नळी या वाटेत कुठेही नको.

आता कॅल्शियमचं. क्लॅम शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा बनवतो, त्यामुळे कॅल्शियम आणि केएच ठरलेल्या प्रमाणात एकत्र खर्च होतात. केएच 1 ने उतरतो तेव्हा कॅल्शियम फक्त 7 ने उतरतं. म्हणून भूक ओळखायची ती केएचवरून. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी मोजा. लाइट लागण्यापूर्वी सकाळी मोजलेलं आणि रात्री मोजलेलं यांची तुलना करू नका. नुसतं कॅल्शियम टाकत राहिलात तर केएच घसरतच जाईल.

तुमच्या 180 लिटर पाण्याचा हिशेब असा. 100 लिटरमध्ये केएच 1 ने वाढवायला खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, 3 ग्रॅम लागतो. 6.2 वरून 8.2 ला जायला सुमारे 11 ग्रॅम झाले. ते एकदम टाकायचे नाहीत. दिवसाला पावणेतीन ग्रॅम, चार दिवस, ग्लासभर आरओ-डीआय पाण्यात विरघळवून जिथे प्रवाह जोरात आहे तिथे थोडं थोडं सोडा. बेकिंग पावडर वेगळी, ती चालत नाही. कॅल्शियम 380 वरून 420 ला न्यायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 26 ग्रॅम, हेही चार दिवसांत वाटून. पाकिटावर अनहायड्रस लिहिलं असेल तर 20 ग्रॅमच लागेल, आणि ते विरघळताना पाणी चांगलंच तापतं, निवल्याशिवाय टाकू नका. फूड ग्रेड किंवा लॅबचं घ्या. ओल शोषायला वापरतात ते नको.

सोडा सकाळी, कॅल्शियम संध्याकाळी. एका वेळी टाकले तर दोघांचा चुना होऊन पाणी दुधाळ होतं आणि टाकलेलं वाया जातं. एवढं करूनही आकडे टिकले नाहीत तर मॅग्नेशियम मोजा. ते 1250 च्या खाली असेल तर बाकी दोन्ही हातात राहत नाहीत. 1280 ते 1350 ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात पाणी 30 अंशांवर जातं. पंखा लावला की उतरतं, पण पावसाळ्यात तोच पंखा काही करत नाही. चिलर घ्यावाच लागेल का? (रामबाग)

उत्तर : पंखा गार हवा देत नाही, तो पाणी उडवतो आणि उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. 1 लिटर पाणी उडालं तर 180 लिटरची टाकी सुमारे 3 अंशांनी उतरवेल एवढी उष्णता जाते. इंदूरची मेमधली हवा कोरडी, म्हणून पंखा चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठे? टाकीच्या खोलीत पाण्याचा कूलर लावला असेल तर मेमध्येही हाच प्रकार होतो. कूलर खोलीबाहेर ठेवा किंवा टाकी दुसऱ्या खोलीत हलवा.

पावसाळ्यात बाहेर गारवा असतो, तापवतात ते लाइट आणि पंप. लाइटची वेळ संध्याकाळी 4 ते मध्यरात्रीपर्यंत करा, संपचं (टाकीखालच्या फिल्टरच्या पेटीचं) झाकण उघडं ठेवा, संपमधला जुना जास्त वॅटचा पंप बदला. एवढ्यावर बहुतेक टाक्या 27 च्या आत राहतात. न राहिल्या तर चिलर घ्या, तिथे काटकसर नको. क्लॅमला 24 ते 26 उत्तम, 27 चालतं. 30 वर बरेच दिवस राहिला तर तो पांढरा पडू शकतो.

पंख्याची दुसरी बाजू खारटपणा. 180 लिटरमधून रोज 4 लिटर उडत असेल आणि तुम्ही तीन दिवस लग्नाला उज्जैनला गेलात, तर 35 चा खारटपणा (किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार) 37.5 होतो. परत येऊन घाबऱ्याघुबऱ्या 12 लिटर गोडं पाणी ओतलं की दुसरा धक्का. उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारा, फ्लोट सेन्सरवाला ऑटो टॉप-ऑफ बसवा. तो नसेल तर साठलेली तूट दोन दिवसांत भरा. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या कॅलिब्रेशन द्रवाने जुळवा.

वीज गेली तर आधी पाणी हलतं ठेवायचं. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या, हीटर आणि चिलर नको. बॅटरीचा एअर पंप घरात असूच द्या.

प्रश्न : क्लॅमला रोज फायटोप्लँक्टन घालतो, तरी वाढ नाही. (विजय नगर)

उत्तर : डोस कमी करा. 7 सेंमीच्या वरचा क्लॅम प्रकाशावर आणि माशांच्या विष्ठेतून मिळणाऱ्या नायट्रोजनवर चांगला वाढतो. बाटलीतलं फायटो, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, जास्त झालं की फॉस्फेट चढतं. वाढ नाही म्हणजे आधी केएच, मग प्रकाश बघा.

प्रश्न : रात्री टॉर्च मारली तर शिंपल्यावर पांढरे बारीक दाणे दिसले. सकाळी नव्हते. (तिलकनगर)

उत्तर : पिरॅमिडेलिड गोगलगाय असावी. तांदळाच्या कणीएवढी, पांढरी, लांबट आणि टोकदार. दिवसा वाळूत किंवा शिंपल्याच्या पन्हळीत लपते, रात्री मँटलच्या कडेला आणि तळाच्या फटीशी बसून सोंडेने रस शोषते. एक-दोन असताना क्लॅम दाखवत नाही, पन्नास झाल्या की मिटून बसतो. काचेवर रात्री फिरणाऱ्या गोल, बसक्या गोगलगाई शेवाळ खातात, त्यांना मारू नका.

टाइलसकट क्लॅम टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घ्या. मऊ टूथब्रशने शिंपल्याची प्रत्येक पन्हळ घासा, मँटलला ब्रश लावू नका. तळाच्या फटीभोवती बघा: जेलीसारखा पारदर्शक ठिपका दिसला तर ती अंडी आहेत, नखाने खरवडून काढा. बादलीतलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही. एकदा घासून भागत नाही, राहिलेली अंडी फुटतात. दर तीन-चार दिवसांनी, महिनाभर हे करत राहा. क्लॅमला हात लावू नका या नियमाला एवढा एकच अपवाद. टाकीत सिक्स-लाइन रास मासा असेल तर तो दिवसा राहिलेल्या टिपतो, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : माशांना पांढरे ठिपके आले. औषध टाकीतच टाकलं तर क्लॅमला चालेल? (सुदामा नगर)

उत्तर : अजिबात नाही. ठिपक्यांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि क्लॅमला ते अगदी थोडंही विष आहे. दगड आणि वाळू तांबं शोषतात आणि पुढे कित्येक महिने सोडत राहतात. 40 लिटरची रिकामी काचेची टाकी, स्पंज फिल्टर, पीव्हीसीचे दोन तुकडे एवढ्यात मासे हलवा आणि तिथे औषध करा. मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवा. या काळात क्लॅम तिथेच राहू द्या, पण नायट्रेट शून्यावर जाणार नाही याकडे बघा. या रोगाचे कोश शिंपल्यावरही चिकटतात, म्हणून नवा क्लॅमही आधी वेगळ्या टाकीत ठेवलेला बरा.

औषध टाकून झालं असेल तर क्लॅम आत्ताच नव्याने बनवलेल्या, 35 खारटपणाच्या पाण्यात हलवा. 10 लिटरला साधारण 370 ग्रॅम मीठ लागतं.

प्रश्न : कालपासून क्लॅमचं तोंड आ वासलेलं आहे, मँटल आत गेलाय. मेलाय का? (मनीषपुरी)

उत्तर : मँटलवर दोन भोकं असतात. एक लहान, नळीसारखं वर आलेलं, त्यातून पाणी बाहेर जातं. दुसरी लांबट मोठी फट, तिथून पाणी आत येतं. तुम्ही म्हणता ते या दुसऱ्या फटीचं वासणं आहे. हे संकटाचं लक्षण आहे, पण मरण नव्हे. हलकेच सावली पाडा. थोडी जरी हालचाल झाली तर जिवंत आहे. खारटपणा, तापमान, अमोनिया, केएच या क्रमाने मोजा. रात्री टॉर्च घेऊन बसा: पिग्मी एंजल किंवा बटरफ्लाय मासा, कोळंबी किंवा खेकडा मँटल टोचतोय का ते रात्री-पहाटेच दिसतं. टोचणारा सापडला तर तो बाहेर काढा, क्लॅम नव्हे. आदल्या दिवशी घरात डासांचा फवारा मारला होता का तेही आठवा, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा पाण्यात ओढतो.

हालचाल नसेल, मांस शिंपल्यापासून सुटून आलं असेल आणि वास येत असेल तर क्षणाचाही विलंब न लावता काढून टाका. 9 सेंमीचा मेलेला क्लॅम एका रात्रीत 180 लिटरमधला अमोनिया एवढा चढवू शकतो की सकाळी मासेही गेलेले असतील. पाव भाग पाणी बदला, कार्बनची पिशवी संपमध्ये टाका, स्किमर जोरात चालवा आणि अमोनिया त्याच रात्री एकदा, सकाळी एकदा मोजा.